विश्लेषण : परळच्या डॉक्टरांनी पारखलेले एक मूळ मेंदूच्या रक्तवाहिन्यांपर्यंत कसे पोहोचले? डॉ. रुस्तम वकील यांची कहाणी...

रक्तदाबाची गोळी आज घोडपदेवच्या चाळीत आणि शेजारच्या टॉवरमध्येही सकाळच्या चहाइतकी सवयीची झाली आहे. पंचाहत्तर वर्षांपूर्वी अशी, रोज घेता येईल आणि बहुतेकांना चालेल अशी गोळी जगातील कोणत्याच मोठ्या शहरातील डॉक्टरांच्या हाताशी नव्हती. ती परिस्थिती बदलण्याची सुरुवात घोडपदेवपासून जेमतेम तीन-चार किलोमीटरवर, परळच्या केईएम रुग्णालयात काम करणाऱ्या एका डॉक्टरमुळे झाली. त्यांचे नाव डॉ. रुस्तम जाल वकील. त्यांनी पारखलेले औषध रक्तवाहिन्यांभोवतीच्या मज्जातंतूंवर काम करते, हे जगाला नंतर कळले. त्यातूनच मेंदूच्या धमन्यांभोवती कोणत्या तंतूंचे जाळे असते आणि त्यांत कोणती रसायने साठलेली असतात, हे शोधण्यासही मदत झाली.

डॉ. रुस्तम वकील कोण होते?

रुस्तम वकील यांचा जन्म १९११ मध्ये मुंबईत पारशी कुटुंबात झाला. वैद्यकीय शिक्षणासाठी ते लंडनला गेले. तेथील सेंट थॉमस रुग्णालयात त्यांचे शिक्षण झाले आणि १९३० च्या दशकाच्या अखेरीस ते मुंबईत परतले. हृदयविकार हा त्यांचा विषय होता. केईएम रुग्णालय आणि त्याला जोडलेले सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज त्या वेळी फार जुने नव्हते. १९२६ मध्ये ते सुरू झाले तेच एका अटीवर, की येथील डॉक्टर आणि अध्यापक भारतीय असतील. सरकारी रुग्णालयांतील वरच्या जागा तेव्हा ब्रिटिश अधिकाऱ्यांकडे असत. त्यामुळे परदेशात शिकून आलेल्या भारतीय डॉक्टरला स्वतःच्या जबाबदारीवर रुग्ण तपासायला, शिकवायला आणि संशोधन करायला मिळेल, अशी ही मुंबईतील मोजक्या जागांपैकी एक होती. भोवती लालबाग, शिवडी, काळाचौकी, घोडपदेव अशी गिरण्यांची आणि गोदीच्या कामगारांची वस्ती. रुग्णांची कमतरता कधीच नव्हती.

तेव्हा उच्च रक्तदाबावर उपचार काय होते?

फारसे नव्हतेच. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने गेले. त्या दिवशी त्यांचा रक्तदाब ३००/१९० इतका नोंदला गेला होता. जगातील सर्वांत बलाढ्य देशाच्या प्रमुखालाही त्यांचे डॉक्टर विश्रांती, कमी मीठ आणि गुंगीच्या औषधांपलीकडे विशेष काही देऊ शकले नव्हते. काही ठिकाणी रुग्णाला महिनोन्महिने भात आणि फळांवर ठेवले जाई. रक्तदाब फारच चढलेला असेल, तर शस्त्रक्रिया करत. पाठीच्या कण्यालगत जाणारे ‘सिम्पथेटिक’ मज्जातंतू सर्जन कापून टाकत. हे तंतू रक्तवाहिन्यांना आकसण्याचा हुकूम देतात. हुकूमच पोहोचला नाही, तर वाहिन्या सैल पडतील आणि दाब उतरेल, असा हिशेब होता. तो काही रुग्णांत बरोबरही येई. मात्र शस्त्रक्रिया मोठी होती आणि नंतर उभे राहिल्यावर भोवळ येण्यासारखे त्रास होत. परळच्या बाह्यरुग्ण विभागात रांगेत उभ्या असलेल्या माणसासाठी हा मार्ग नव्हताच.

सर्पगंधाकडे लक्ष कसे गेले?

सर्पगंधा हे हातभर उंचीचे झुडूप. सह्याद्रीच्या जंगलातही ते आढळते; मराठीत त्याला अडकई असेही म्हणतात. त्याचे मूळ झोप येण्यासाठी, वेडाच्या झटक्यांवर आणि सर्पदंशावर देण्याची जुनी परंपरा होती. १९३१ मध्ये कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळाने मानसिक रुग्ण शांत होतात आणि रक्तदाबही उतरतो, असे प्रसिद्ध केले. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दीकी आणि रफत हुसेन सिद्दीकी यांनी या मुळातून काही द्रव्ये वेगळी काढली आणि त्यांपैकी एकाला हकीम अजमल खान यांच्या नावावरून अजमलिन हे नाव दिले.

म्हणजे वकील यांनी ही वनस्पती शोधली नाही आणि तिचा रक्तदाबाशी संबंधही सर्वांत आधी त्यांनी जोडलेला नव्हता. त्यांचे काम वेगळे आणि कंटाळवाणे होते. मुंबईत परतल्यावर त्यांनी आपल्या रुग्णांना सर्पगंधाच्या मुळाच्या गोळ्या द्यायला सुरुवात केली आणि प्रत्येकाचा रक्तदाब पुनःपुन्हा मोजून लिहून ठेवला. औषध सुरू करण्याआधी किती, सुरू असताना किती, बंद केल्यावर किती. हे काम जवळपास दहा वर्षे चालले. १९४० च्या दशकात त्यांचे काही लेख इथल्या वैद्यकीय नियतकालिकांत आले, पण देशाबाहेर त्यांची दखल कोणी घेतली नाही.

१९४९ च्या शोधनिबंधात काय होते?

ऑक्टोबर १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये वकील यांचा लेख प्रसिद्ध झाला. त्यात उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांची माहिती होती. बहुसंख्य रुग्णांत वरचा आणि खालचा दोन्ही दाब उतरले होते. दोन बारीकसारीक वाटणाऱ्या गोष्टीही त्यांनी टिपल्या होत्या. पहिली, औषधाचा परिणाम सावकाश येतो. दुसरी, गोळ्या बंद केल्यानंतरही तो बरेच दिवस टिकतो. नेहमीच्या औषधांच्या वागण्यात हे बसत नव्हते. पोटात गेलेले औषध शरीरातून बाहेर पडले, की त्याचा परिणाम संपायला हवा. इथे औषध संपत होते आणि परिणाम मागे राहत होता. कारण वकील यांना माहीत नव्हते आणि त्या काळी ते कोणालाच माहीत नव्हते. त्यांनी दिसले तसे लिहिले.

आजच्या कसोटीवर ही चाचणी अपुरी ठरेल. रुग्ण कमी होते आणि चिठ्ठ्या टाकून निवडलेला तुलनेचा गट नव्हता. तरीही आकडे दुसऱ्या कोणालाही पडताळून पाहता येतील अशा पद्धतीने मांडले होते. बॉस्टनच्या डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी नेमके तेच केले. त्यांनी भारतातून औषध मागवले, आपल्या रुग्णांना दिले आणि १९५२ च्या सुमारास त्यांचेही निष्कर्ष जुळले. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधील बाझल येथे सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेत म्युलर, श्लिटलर आणि बाइन यांनी सर्पगंधाच्या मुळातून मुख्य द्रव्य वेगळे केले. त्याचे नाव रेसरपिन. दोन वर्षांत न्यूयॉर्कचे मानसोपचारतज्ज्ञ नेथन क्लाइन ते मानसिक आजारांवर वापरू लागले. १९५७ मध्ये अमेरिकेतील प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार ज्यांना मिळाला, त्यांत क्लाइन यांच्यासह डॉ. रुस्तम वकील यांचेही नाव होते. पुढच्या वर्षी तो विल्किन्स यांना मिळाला. वकील यांना भारत सरकारने १९५८ मध्ये पद्मभूषण देऊन गौरवले.

ही गोळी शरीरात नेमके काय करत होती?

याचे उत्तर १९५५ ते १९५७ या तीन वर्षांत मिळू लागले. अमेरिकेत बर्नार्ड ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेत दिसले, की रेसरपिन दिल्यावर प्राण्यांच्या शरीरातील सेरोटोनिनचे साठे रिकामे होतात. तिथे काम करून स्वीडनमधील लुंड विद्यापीठात परतलेल्या अर्विद कार्लसन यांनी दाखवले, की नॉरअॅड्रिनलिन आणि डोपामिन यांचेही साठे असेच रिते होतात. या कामाच्या धाग्यावरून पुढे गेलेल्या कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल मिळाले.

सिम्पथेटिक मज्जातंतूच्या टोकाला सूक्ष्म पिशव्या असतात. त्यांत नॉरअॅड्रिनलिन भरून ठेवलेले असते. हुकूम आला, की पिशवी फुटते, रसायन रक्तवाहिनीच्या स्नायूवर पडते आणि वाहिनी आकसते. पिशवी पुन्हा भरण्यासाठी तिच्या भिंतीत एक पंप असतो. रेसरपिन हा पंप कायमचा बंद पाडते. बाहेर राहिलेले रसायन तंतूमध्येच नष्ट होते आणि पिशव्या रिकाम्या राहतात. तंतू शाबूत असतो, हुकूमही येतो, पण सोडायला काही उरलेले नसते. सर्जन जे काम सुरीने करत होते, तेच ही गोळी रसायनाने करत होती आणि तेही परत फिरता येईल अशा रीतीने.

वकील यांनी टिपलेल्या दोन्ही गोष्टींचा उलगडा इथेच होतो. साठे रिकामे व्हायला वेळ लागतो, म्हणून परिणाम सावकाश येतो. बंद पडलेल्या पंपाच्या जागी नवा पंप यायचा तर तो मज्जापेशीत तयार होऊन तंतूच्या टोकापर्यंत वाहत यावा लागतो आणि त्याला दिवस, कधी आठवडे लागतात. म्हणून औषध संपले तरी परिणाम मागे रेंगाळतो.

यात मेंदूच्या धमन्यांचा संबंध काय?

मेंदूच्या पृष्ठभागावरील धमन्यांभोवती मज्जातंतू असतात, हे शरीररचनाशास्त्रज्ञांना पूर्वीपासून माहीत होते. मात्र त्यांत कोणते रसायन आहे, हे पाहण्याची सोय नव्हती. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनमध्येच बेंग्ट फाल्क आणि निल्स-ऑके हिलार्प यांनी एक युक्ती काढली. ऊतीचा वाळवलेला पातळ काप फॉर्मल्डिहाइडच्या वाफेत ठेवला, की नॉरअॅड्रिनलिन असलेले तंतू सूक्ष्मदर्शकाखाली हिरवे चमकत. या पद्धतीने मेंदूच्या धमन्या पाहिल्यावर त्यांच्याभोवती हिरव्या तंतूंची दाट जाळी दिसली. जे चमकते ते नॉरअॅड्रिनलिनच, याची खात्री करायची तर प्राण्याला आधी रेसरपिन द्यायचे. साठे रिकामे होत आणि चमक नाहीशी होई. परळमध्ये रक्तदाबासाठी पारखलेले औषध आता मज्जातंतू ओळखण्याचे साधन झाले होते.

हे तंतू मानेतील एका मज्जागंडापासून निघून धमन्यांसोबत वर जातात. त्यांचा उपयोग समजण्यासाठी घोडपदेवशेजारच्या दारूखान्यातील कामगार डोळ्यांसमोर आणावा. जड लोखंड श्वास रोखून उचलताना त्याचा रक्तदाब क्षणभर फार वर जातो. हा लोंढा तसाच मेंदूतील केसासारख्या बारीक वाहिन्यांवर आदळला, तर त्या फुटू शकतात. अशा वेळी मेंदूच्या धमन्या स्वतःहून आकसतात आणि सिम्पथेटिक तंतू मोठ्या धमन्या आणखी आवळून त्यांना साथ देतात. त्यामुळे दाबाचा बराचसा भाग वाटेतच अडतो. वर्षानुवर्षे रक्तदाब चढलेला राहिला, की मेंदूच्या धमन्या जाड होतात आणि वरच्याच दाबाला सरावतात. अशा माणसाचा दाब एकदम खाली आणला, तर मेंदूला रक्त कमी पडू शकते. सावकाश काम करणारी गोळी या दृष्टीने सोयीची होती.

न्यूरोपेप्टाइडे कुठून आली?

नॉरअॅड्रिनलिन हे लहान रसायन. पण मेंदूच्या रक्तवाहिन्यांभोवतीचे सगळे तंतू हिरवे चमकत नव्हते. बाकीच्यांत काय आहे, याचे उत्तर १९७० च्या दशकाच्या मध्यापासून मिळू लागले. या तंतूंत अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या, म्हणजे न्यूरोपेप्टाइडे सापडू लागली. मांजर, ससा, उंदीर आणि माणूस अशा अनेक सस्तन प्राण्यांत चित्र ढोबळमानाने सारखे निघाले. तंतूंचे तीन गट आहेत.

पहिला गट सिम्पथेटिक तंतूंचा. त्यांत नॉरअॅड्रिनलिनबरोबर ‘न्यूरोपेप्टाइड वाय’ नावाची ३६ अमिनो आम्लांची साखळी असते. तीही वाहिनी आकसवते. दुसरा गट पॅरासिम्पथेटिक. त्यांत २८ अमिनो आम्लांचे ‘व्हीआयपी’ असते आणि ते वाहिनी रुंदावते. तिसरा गट चेहऱ्याची आणि डोक्याची संवेदना वाहणाऱ्या ट्रायजेमिनल मज्जातंतूचा. त्यांत ‘सबस्टन्स पी’ आणि ३७ अमिनो आम्लांचे ‘सीजीआरपी’ असते. सीजीआरपी वाहिन्या जोरदार रुंदावते आणि अर्धशिशीच्या वेदनेत त्याचा मोठा वाटा आहे.

पेप्टाइडे तंतूच्या टोकाला पुन्हा भरली जात नाहीत. ती मज्जापेशीत तयार होऊन, वेगळ्या आणि मोठ्या पिशव्यांत बंद होऊनच टोकापर्यंत येतात. रेसरपिन ज्या पंपावर घाव घालते, तो पंप त्यांना लागत नाही. म्हणून सर्पगंधाने नॉरअॅड्रिनलिनचे कोठार रिते झाले, तरी सीजीआरपीचे कोठार त्याच कारणाने रिते होत नाही. उलट १९६० च्या सुमारास झालेल्या प्रयोगांत अर्धशिशी असलेल्यांना रेसरपिन दिल्यावर डोकेदुखी उठू शकते, असे दिसले होते. अर्धशिशीसाठी वेगळी किल्ली हवी होती. सीजीआरपीला रोखणारी पहिली औषधे २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. त्यामागच्या मूलभूत कामासाठी २०२१ चा ‘ब्रेन प्राइझ’ मिळालेल्या चौघांपैकी लार्स एडविन्सन हे लुंड विद्यापीठाचेच.

रक्तदाब उतरवल्याने पक्षाघात टळतो, हे कधी सिद्ध झाले?

वकील यांच्या हयातीतच. मोजणीचा आकडा खाली आणणे आणि माणूस वाचवणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. १९६० च्या दशकापर्यंत अनेक जाणते डॉक्टरही मानत, की वाढलेला दाब ही शरीराची गरज असावी आणि त्याला हात लावू नये. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत एडवर्ड फ्रीस यांनी ही शंका तपासली. १४३ पुरुषांपैकी निम्म्यांना औषधे आणि निम्म्यांना दिसायला तशाच, पण औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. १९६७ मध्ये निकाल आला. औषध न मिळालेल्या गटात पक्षाघात, हृदय निकामी होणे, मृत्यू अशा २७ गंभीर घटना घडल्या होत्या. औषध मिळालेल्या गटात फक्त दोन. या उपचारात तीन औषधे एकत्र होती आणि त्यांतील एक रेसरपिन होते. १९४९ मध्ये परळहून निघालेल्या निष्कर्षाला इथे खरे वजन आले.

मग हे औषध मागे का पडले?

कारण त्याची किंमत रुग्ण मोजत होते. नाकातील वाहिन्यांचे तंतू रिकामे झाले, की त्या फुगतात आणि नाक चोंदते. गुंगी येते. मेंदूतील साठेही रिते होत असल्याने, विशेषतः १९५० च्या दशकात वापरलेल्या मोठ्या मात्रेत, काही रुग्णांना तीव्र नैराश्य आले. वनस्पतीपासून आलेले औषध निर्धोक असते, या समजाला हा मोठा धक्का होता. १९५० च्या दशकाच्या अखेरीस लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढणाऱ्या गोळ्या आल्या, नंतर बीटा-ब्लॉकर आले आणि डॉक्टर तिकडे वळले.

सप्टेंबर १९७४ मध्ये ‘लॅन्सेट’ने एकाच अंकात तीन अभ्यास छापले. रेसरपिन घेणाऱ्या स्त्रियांत स्तनाचा कर्करोग अधिक आढळतो, असे त्यांत म्हटले होते. जगभर बातमी झाली. नोव्हेंबर १९७४ मध्ये डॉ. वकील यांचे निधन झाले. त्यांचे नाव ज्या औषधाशी जोडलेले होते, ते त्या क्षणी संशयाच्या भोवऱ्यात होते. नंतरच्या अभ्यासांत हा संबंध त्या ताकदीने टिकला नाही आणि आधीच्या पाहण्यांतील तुलनेचे गट निवडण्यातच दोष असल्याचे निदर्शनास आले. पण तोवर औषधाची पत गेली होती. हा निर्वाळा ऐकायला वकील नव्हते.

आज काय उरले आहे?

रेसरपिन आज क्वचितच दिले जाते. सर्पगंधाच्या मुळांची इतकी लूट झाली, की या वनस्पतीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९० पासून ‘साइट्स’ कराराचे निर्बंध आले. बाजारात आजही सर्पगंधाची चूर्णे आणि गोळ्या मिळतात. आधीच रक्तदाबाची किंवा नैराश्याची औषधे घेणाऱ्यांनी त्या मनाने सुरू करणे धोक्याचे आहे. मुळातील द्रव्याचे प्रमाण झाडागणिक बदलते आणि त्याचा परिणाम गोळी थांबवल्यावरही लगेच थांबत नाही.

वैद्यकीय विद्यार्थ्यांना वकील यांचे नाव वेगळ्या कारणाने परिचित आहे. डॉ. अस्पी गोलवाला यांच्यासह त्यांनी लिहिलेले रुग्णतपासणीचे पाठ्यपुस्तक अनेक पिढ्यांनी वाचले. भारतीय फिजिशियन संघटनेचे ‘एपीआय टेक्स्टबुक ऑफ मेडिसिन’ १९६९ मध्ये पहिल्यांदा निघाले, तेव्हा त्याचे संपादक तेच होते. भारतीय रुग्णांच्या आजारांवर भारतीय डॉक्टरांनी लिहिलेल्या या ग्रंथाच्या नव्या आवृत्त्या अजूनही निघतात.

त्यांच्या १९४९ च्या लेखात मज्जातंतूच्या पिशव्या नाहीत, पंप नाही आणि न्यूरोपेप्टाइडे तर नाहीतच. त्यात ५० माणसांचे रक्तदाब आहेत आणि औषध थांबवल्यावरही दाब लगेच वर गेला नाही, ही नोंद आहे. त्या नोंदीचा अर्थ लागायला प्रयोगशाळांना आणखी काही वर्षे लागली.